खोकल्यासमोर धरलेली ताटली

डांग्या खोकल्याचं मूल सापडलं की आरोग्य कर्मचारी घरच्यांची यादी करतात. त्याच्याजवळ कोण झोपतं, कडेवर कुणी घेतलं, कुणाला नुसती सर्दी आहे? संपर्कातल्यांच्या या शोधाचं मूळ बहुतेक जण देवीच्या साथीत दाखवतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमधल्या लेस्टरमध्ये देवीच्या रुग्णांच्या संपर्कातल्यांना वेगळं ठेवत, हे खरंच. पण देवी अंगावर उमटते. डांग्या खोकला सुरुवातीला साध्या पडशासारखा असतो आणि तेव्हाच जोरात पसरतो. उबळ येऊ लागेपर्यंत भावंडांना लागण झालेली असते. असा रुग्ण नुसत्या डोळ्यांना कसा कळणार? म्हणून मी या शोधाचं कूळ प्रयोगशाळेतल्या एका ताटलीत मानतो.

बोर्दे आणि झांगू या बेल्जियन शास्त्रज्ञांनी १९०६ साली बटाट्याचा अर्क, ग्लिसरीन आणि रक्त घातलेल्या खाद्यावर डांग्या खोकल्याचा जंतू वाढवला. १९१६ साली डेन्मार्कमधल्या शिएविट्स आणि मायर यांनी ते खाद्य भरलेली ताटली थेट खोकणाऱ्या मुलाच्या तोंडासमोर धरली.

इथे एक प्रतिस्पर्धी दावा आहे, आणि तो तगडा आहे. त्याआधीच, १८९० च्या दशकात, ब्रेस्लाउच्या कार्ल फ्लुगेने बोलणाऱ्या-खोकणाऱ्या माणसाभोवती ताटल्या मांडून थुंकीचे तुषार कुठवर जातात ते पाहिलं होतं. मग मान त्याचाच का नाही? तंत्राचं आजोबापण मी त्याला बिनतक्रार देतो. पण त्याचा प्रश्न होता ‘किती लांब?’, डॅनिश ताटलीचा होता ‘या मुलाच्या श्वासातून जंतू बाहेर पडतोय का?’. घरोघरचा शोध या दुसऱ्या प्रश्नावरच उभा राहतो. डॅनिश डॉक्टरांना फ्लुगेचे प्रयोग ठाऊक असणारच, असं मी धरून चालतो.

ही ताटली खऱ्या अर्थाने घरात शिरली ती अमेरिकेतल्या ग्रँड रॅपिड्समध्ये, १९३२ साली. मंदीचे दिवस. सरकारी प्रयोगशाळेतलं काम उरकलं की पर्ल केंड्रिक आणि ग्रेस एल्डरिंग संध्याकाळी आजारी मुलांच्या घरी जात. काही घरांत उजेड फक्त रॉकेलच्या दिव्याचा. उबळ आली की झाकण काढून ताटली तोंडापासून काही इंचांवर धरायची, चार-दोन खोकले त्यावर घ्यायचे, झाकण लावायचं. तीन-चार दिवस उबेत ठेवल्यावर खाद्यावर पाऱ्याच्या थेंबांसारखे चकचकीत ठिपके दिसत. दिसले की मूल संसर्गजन्य. मुलाला घराबाहेर सोडायचं कधी, हेही ताटलीच सांगू लागली. याच कामातून दोघींची डांग्या खोकल्यावरची लस उभी राहिली.

पुढे नाकातून घशामागे जाणारा बारीक बोळा आला, मग जंतूची जनुकं शोधणारी पीसीआर चाचणी. ताटली अडगळीत गेली, पण तिचा प्रश्न टिकला. रुग्णाचा खोकला सुरू झाल्यापासून २१ दिवसांच्या आत घरातल्यांना प्रतिबंधक प्रतिजैविक द्यावं, या आजच्या नियमामागेही, माझ्या मते, ताटल्यांवरचे ते ठिपकेच आहेत.

घरात तान्हं बाळ असेल आणि मोठ्या कुणाचा खोकला दोन आठवडे हटत नसेल, तर डॉक्टरांना बाळाबद्दल आवर्जून सांगा. उबळीच्या आवाजाची वाट पाहू नका. तान्ह्या बाळात कधीकधी तो आवाज येतच नाही, थेट श्वास थांबतो.