चाळिशी : नेत्रभिंगाच्या ताठरतेचा इतिहास

१/ मराठीत ‘चाळिशी’ म्हणजे वय आणि ‘चाळिशी’ म्हणजेच जवळचे वाचण्याचा चष्माही. या वयात सुई ओवताना हात नकळत लांब जातो. असे का होते, हे कळण्यास मात्र शतके लागली.

२/ उपाय कारणाआधीच सापडला. १३०६ मध्ये फ्लोरेन्समधील एका प्रवचनात जिओर्दानो दा रिवाल्तो या धर्मोपदेशकाने चष्म्याची कला निघून वीस वर्षेही झाली नसल्याचे सांगितले.

३/ जवळ पाहताना डोळ्यात बदलते काय? थॉमस यंग याने डोळ्याला पाणी भिडवून बुबुळावरील पारदर्शक पटलाची शक्ती निष्प्रभ केली. तरीही दृष्टी जवळ-दूर जुळत राहिली. बदल भिंगातच होतो, असा निष्कर्ष त्याने १८०१ च्या प्रबंधात मांडला.

४/ १८५५ मध्ये हेल्महोल्ट्झने यंत्रणा उलगडली. डोळ्यातील स्नायू आकुंचन पावला की भिंगाला ताणणारे तंतू सैल होतात आणि भिंग फुगीर बनते. १८६४ मध्ये डच नेत्रतज्ज्ञ दोंडर्स याने चाळिशीचा दोष आणि दूरदृष्टिदोष हे वेगळे असल्याचे आपल्या ग्रंथात स्पष्ट केले.

५/ भिंगात जन्मभर नवे तंतू वाढतात. जुने गळून न पडता आत दाबले जातात. गाभा ताठर होतो. स्नायू आपले काम करतो, पण भिंग त्याला पूर्वीसारखी साथ देत नाही. चष्मा ही उणीव भरून काढतो, ताठरता घालवत नाही.

६/ पहिला लेसर १९६० मध्ये प्रकाशला. १९९८ मध्ये मायर्स व क्रूगर यांनी भिंग न उघडता त्याच्या आतच लेसरने सूक्ष्म छेद घेऊन त्याला लवचीक करण्याची कल्पना मांडली. २००१ मध्ये मृत व्यक्तींच्या भिंगांच्या जोड्यांवरील प्रयोग प्रसिद्ध झाला : जोडीतील लेसर दिलेले भिंग अधिक सहज आकार बदलत होते.

७/ पुढे फेम्टोसेकंद लेसर आला. त्याचे स्पंदन सेकंदाच्या लाख कोटीव्या भागाहूनही अल्पकाळ टिकते. त्यामुळे आसपासच्या ऊतींना उष्णतेची झळ फारशी लागत नाही.

८/ अडचण निराळीच होती. चाळिशीतले भिंग ताठर असले तरी स्वच्छ असते. त्यात केलेला छेद पुढे गढूळपणा आणील काय, ही शंका प्रत्येक प्रयोगापुढे उभी राहिली.

९/ मोतीबिंदूत ही भीती नव्हती. ते भिंग काढायचेच असते. २००८ मध्ये बुडापेस्ट येथे झोल्टान नागी यांनी फेम्टोसेकंद लेसर मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत प्रथम वापरला आणि तेथे तो रुळला. भिंग राखून त्याला मऊ करण्याचा उपचार मात्र नित्याचा झालेला नाही. सातशे वर्षांनंतरही वाचकाच्या खिशात चाळिशीच आहे.