शेजारचं घर का मोजायचं? वाशीम जिल्हा आणि मोजणीचा इतिहास

आजचा विषय ऐकायला जरा कोरडा आहे. समाजाचा अभ्यास करताना मोजणी आणि संभाव्यता यांचा उपयोग कसा झाला आणि कसा व्हावा, हा तो विषय. आम्ही गणिती नाही, आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. पण मोजणीतला सगळ्यात मोठा धडा आम्हांला मिळाला तो पुस्तकात नाही, रिसोड तालुक्यातल्या एका गावात. तिथूनच सुरुवात करू.

गोष्ट वीसेक वर्षांपूर्वीची. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या रोज येत होत्या. आम्ही काही विद्यार्थ्यांना घेऊन, ज्या घरांवर हा प्रसंग आला त्या घरी जायचो आणि प्रश्नावली भरून घ्यायचो. कर्ज किती, जमीन किती, विहीर आहे का, मुलींची लग्नं झाली का. एका घरातून बाहेर पडलो, तर शेजारच्या ओट्यावर बसलेल्या एक आजी म्हणाल्या, "गुरुजी, आमच्या घरी काऊन नाही आले जी? कर्ज तं आमच्यावरबी हाये. मेलेल्याइलेच मोजता काय?"

पोरं ओशाळली. आम्ही "येतो, पुढच्या वेळी येतो" असं काहीतरी पुटपुटलो. पण त्या प्रश्नाने आमचा अभ्यासाचा सगळा आराखडाच उलटा केला. तो कसा, हे समजायला आधी थोडा इतिहास बघू.

वऱ्हाडाला मोजणी नवी नाही. अखिल भारतीय जनगणनेची सुरुवात आपण १८७२ पासून धरतो, पण वऱ्हाडात १८६७ सालीच खानेसुमारी झालेली आहे. पुढे वाशीम स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ मध्ये तो मोडला, त्याचे तालुके अकोला आणि यवतमाळ जिल्ह्यांत वाटले गेले, आणि १ जुलै १९९८ रोजी वाशीम पुन्हा वेगळा जिल्हा झाला. १९०१ च्या जनगणनेत या जुन्या जिल्ह्याची लोकसंख्या ३ लाख ५३ हजारांच्या आसपास भरली. दहा वर्षांत साधारण ११ टक्के घट! कारण उघड होतं, मधल्या काळात १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ पडून गेले होते.

आता हा ११ टक्क्यांचा आकडा बघा. तो काहीतरी भयंकर घडल्याचं सांगतो. पण कोण गेलं, कोण गाव सोडून निघून गेलं, कोणाच्या घरी मूलच जन्मलं नाही, आणि त्याच दुष्काळात कोण तगलं व कशामुळे तगलं, यातलं काहीच सांगत नाही. शिरगणती म्हणजे डोकी मोजणं. "किती" याचं उत्तर ती देते, "का" याचं देत नाही.

दुसरा टप्पा पिकांचा. आमच्या लहानपणी आणेवारी हा शब्द घरोघरी असायचा, पुढे त्याची पैसेवारी झाली. पीक रुपयात किती आणे आलं, ते नजरेने ठरवायचं. पण नजर कोणाची? अंदाज बांधणारा माणूस आणि त्याच्यावरचा दबाव, दोन्ही त्या आकड्यात उतरायचे. १९४० च्या दशकात पां. वा. सुखात्मे आणि वि. गो. पानसे या दोन संख्याशास्त्रज्ञांनी याला दुसरी वाट काढली. गाव, शेत आणि शेतातला तुकडा, तिन्ही चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडायचे. तेवढ्याच तुकड्याचं पीक कापायचं, वजन करायचं, आणि त्यावरून सबंध जिल्ह्याचा अंदाज करायचा. पानशांचे कपाशीवरचे सुरुवातीचे प्रयोग अकोला जिल्ह्यात झाले. म्हणजे वाशीम ज्या जिल्ह्याचा भाग होतं, त्याच जिल्ह्यात. आजही पीकविम्यासाठी होणारा पीक कापणी प्रयोग याच घराण्यातला.

इथे संभाव्यता पहिल्यांदा आपल्या बांधावर आली. निवड माणसाच्या मर्जीवर न ठेवता योगायोगावर सोपवली की अंदाज चुकला तरी किती चुकेल, हे सांगता येतं. रस्त्याकडेचं, डोळ्यांत भरणारं शेत निवडलं की ते सांगता येत नाही. तत्त्वज्ञानाच्या माणसाला याची गंमत वाटते. आपलं अज्ञान संपत नाही, पण त्याचं माप हाती येतं.

आता पुन्हा त्या आजींच्या ओट्याशी येऊ.

आत्महत्येची आकडेवारी घेऊन समाजाचा विचार करणं युरोपात एकोणिसाव्या शतकातच सुरू झालं. एमिल दुर्खीमचा प्रसिद्ध ग्रंथ १८९७ चा. आपल्याकडे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग दरवर्षी आकडे काढतो. पण नोंदवहीत कोण शिरतो, हे नोंदवहीची व्याख्या ठरवते. २०१३ च्या अहवालात देशभरातल्या शेतकरी आत्महत्या ११,७७२ होत्या. २०१४ च्या अहवालात ५,६५० झाल्या. एका वर्षात निम्म्याहून कमी? २०१४ पासून वर्गवारी बदलली. शेतमजुरांचा वेगळा रकाना झाला आणि त्यात ६,७१० मृत्यू नोंदले गेले. दोन्हींची बेरीज करून बघा. आणि सातबारा नवऱ्याच्या नावावर असलेली, पण दिवसभर शेतात राबणारी बाई? ती पुष्कळदा शेतकऱ्यांच्या रकान्यात येतच नाही.

आमचीही एक चूक सांगतो. एका विद्यार्थ्याने मदत मिळालेल्या प्रकरणांची यादी मिळवली, आकडेमोड केली आणि आनंदाने सांगितलं, "सर, शंभर टक्के प्रकरणांत कर्ज आहे!" आम्ही त्याची पाठ थोपटली. चार दिवसांनी लक्षात आलं, की एक लाखाची मदत मिळायला प्रकरण "पात्र" ठरावं लागतं; आणि पात्र ठरायचं तर कुटुंबात कोणाच्या तरी नावावर शेती, बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं कर्ज, आणि वसुलीचा तगादा, हे दाखवावं लागतं. म्हणजे कर्ज ही यादीत येण्याचीच अट! मग यादीत शंभर टक्के कर्ज निघणार नाही तर काय निघणार? आपले नैयायिक याला आत्माश्रय दोष म्हणाले असते. जे सिद्ध करायचं तेच आधी गृहीत धरलेलं.

न्यायशास्त्रात अन्वय आणि व्यतिरेक अशी जोडी आहे. जिथे धूर तिथे अग्नी, हा अन्वय. जिथे अग्नी नाही तिथे धूरही नाही, हा व्यतिरेक. १८४३ साली जॉन स्टुअर्ट मिलने आपल्या तर्कशास्त्रात जवळपास असंच सांगितलं. आम्ही रिसोडला फक्त अन्वय करत होतो. दुःखाची घरं मोजत होतो, तगलेली घरं मोजतच नव्हतो. आजींनी व्यतिरेक मागितला होता.

वैद्यकशास्त्राने ही वाट आधीच मळलेली होती. १९५० साली डॉल आणि हिल यांनी फुप्फुसाच्या कर्करोगाचे ७०९ रुग्ण घेतले, आणि तो आजार नसलेले तेवढेच दुसरे रुग्ण. दोन्ही गटांना तंबाखूबद्दल सारखेच प्रश्न विचारले.

आणि हीच रीत आपल्या जिल्ह्यात आली. मुंबईच्या इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेचे श्रीजित मिश्रा यांनी राज्य सरकारसाठी अभ्यास केला आणि २००६ च्या सुरुवातीला अहवाल दिला. त्यांचं क्षेत्रकाम वर्धा, वाशीम आणि यवतमाळ या जिल्ह्यांतलं. त्यांनी आत्महत्या झालेली १११ कुटुंबं घेतली आणि तुलनेला तसं न घडलेली १०६. काय दिसलं? पहिल्या गटात थकीत कर्ज बरंच जास्त. मालमत्ता कमी, त्यातही बैल कमी. कुटुंब मोठं, मुलीबहिणींच्या लग्नाची जबाबदारी जास्त. उत्पन्नाचं मोल कमी. म्हणजे कर्ज होतंच, पण एकटं नव्हतं. शेजाऱ्याला मोजल्याशिवाय हे "एकटं नव्हतं" म्हणताच आलं नसतं.

इथे एक खाच आहे, नीट ऐका. या २१७ घरांपैकी निम्मी घरं आत्महत्येची आहेत, म्हणून "दोनांत एकाला धोका" असं कोणी म्हणेल तर ते साफ चूक. निम्मी आहेत, कारण अभ्यासकाने तशी निवडली. या रीतीने दोन गटांतला फरक कळतो, धोका थेट कळत नाही. धोक्यासाठी वरच्या आकड्याखाली सगळ्यांची संख्या लागते. मिश्रांच्याच हिशोबाने राज्यातल्या पुरुष शेतकऱ्यांत हे प्रमाण १९९५ ते २००४ मध्ये तिपटीहून जास्त वाढलं आणि लाखामागे ५० च्या वर गेलं.

सोयीसाठी ५० धरू. लाखात ५०, म्हणजे दोन हजारांत एक. आता समजा, एखाद्या लक्षणाने धोका पाचपट होतो. पाचपट ऐकूनच छाती दडपते. हिशोब करा. लाखात अडीचशे, म्हणजे चारशेत एक. ते लक्षण असलेल्या चारशे घरांपैकी ३९९ घरांत त्या वर्षी तसं काही घडणार नाही. म्हणून लक्षणांची यादी घेऊन "पुढचं घर हे" असं बोट दाखवता येत नाही, आणि दाखवूही नये. बोट दाखवलेल्या घराला गावात जगणं कठीण होतं.

मग या संभाव्यतेचा उपयोग काय? २००६ मध्येच सरकारने पश्चिम विदर्भातल्या सहा जिल्ह्यांत १७ लाखांहून जास्त शेतकरी कुटुंबांची घरोघर पाहणी केली. चार लाखांहून जास्त कुटुंबं अतितणावाखाली आढळली. चार लाख घरांवर पहारा ठेवता येत नाही. पण चार लाख घरांचं ओझं थोडं थोडं हलकं करता येतं. पाणी, वेळेवर पतपुरवठा, विमा, दवाखाना, ऐकून घेणारं माणूस. संभाव्यता एका माणसाचं भविष्य सांगत नाही. समाजाने हात कुठे लावावा, एवढंच सांगते. पण ते थोडं नाही.

पुढच्या खेपेला आम्ही त्या आजींच्या घरी गेलो, प्रश्नावली भरली. कर्ज शेजाऱ्याइतकंच होतं. बैलजोडी होती. म्हणून बैलजोडीने घर वाचलं का? एका घरावरून तसं म्हणता येणार नाही, असं आम्ही पोरांना सांगितलं. आजींनी चहा केला आणि विचारलं, "आता आमचं नाव लिहिलं ना?" लिहिलं, म्हटलं.

तुम्हीही उद्या पेपरात एखादी टक्केवारी वाचाल. तेव्हा एवढंच विचारा, की यादीत येण्याची अट काय होती, खालचा आकडा काय आहे, आणि शेजारच्या घरी कोणी गेलं होतं का.