शेगडी कोणत्या गॅसची?

आमच्या मोहल्ल्यांत शेगडी सहसा एकाच घरात म्हातारी होत नाही. जहेजात आलेली स्टीलची दोन बर्नरची शेगडी, नवी काचेची आली की धाकट्या जावेकडे जाते. तिथून गावी जाते, नाहीतर शिकायला शहरात आलेल्या पोरांच्या खोलीवर. काही जुन्या बाजारात पोहोचतात आणि तिथे राख-साबणाने घासून, नवे नॉब लावून पुन्हा उभ्या राहतात. यात कमीपणा काही नाही. चांगली शेगडी वीस-वीस वर्षे चालते आणि चालणारी वस्तू फेकून देण्याची ऐपत सगळ्यांची नसते.

पण जुनी शेगडी घरी आली की आपण म्हणतो, “पाईप लावला की झालं.” या ‘पाईप लावण्या’चा इतिहास मोठा आहे आणि त्यात माणसे मेलेली आहेत.

16 मे 1968 ची पहाट. पूर्व लंडनच्या न्यूहॅम भागात रोनन पॉइंट नावाची 22 मजली इमारत होती. लोक राहायला येऊन जेमतेम दोन महिने झाले होते. अठराव्या मजल्यावर केकवर नक्षी करण्याचे काम करणारी 56 वर्षांची एक बाई राहत असे. पावणेसहाच्या सुमारास ती उठली, चहासाठी स्वयंपाकघरात गेली आणि तिने काडी ओढली. रात्री घरात गॅस साठला होता. स्फोटाने कोपऱ्यातल्या भिंती बाहेर ढकलल्या. या इमारतीला वेगळे खांब नव्हते, भिंतींनीच वरचा भार तोलला होता. वरचे मजले खाली आले आणि त्यांच्या वजनाने खालचेही, थेट जमिनीपर्यंत. चार माणसे गेली, सतरा जखमी झाली. काडी ओढणारी बाई मात्र वाचली.

ह्यू ग्रिफिथ्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी झाली. गॅस आला कुठून? शेगडी जिथे पुरवठ्याच्या नळीला जोडली होती, तिथली पितळेची एक नट तडकली होती. ती प्रमाणित जाडीची नव्हती, तिची कड पातळ होती. शेगडी जोडून दिली होती ओळखीच्या एका माणसाने. शेगडीला स्वतःला काही झाले नव्हते. त्या बाईने पुढे तीच शेगडी नव्या घरी नेली, असे सांगतात.

इंजिनीअरिंग कॉलेजांत ही घटना इमारत कशी बांधू नये यासाठी शिकवली जाते, आणि ते बरोबरच आहे. तिच्यामुळे ब्रिटनचे बांधकामाचे नियम 1970 मध्ये बदलले. डागडुजी करून उभी ठेवलेली ती इमारत अखेर 1986 मध्ये पाडली. पण मला या गोष्टीची सुरुवात जास्त महत्त्वाची वाटते. बोटाच्या पेरात मावेल एवढी एक नट आणि मदतीला आलेला, मनाने चांगला, पण त्या कामाचे शिक्षण नसलेला माणूस. आपल्याकडे जुन्या शेगड्या अशाच जोडल्या जातात. कुणाचा तरी भाचा येतो, “खाला, दोन मिनिटांचं काम आहे” म्हणतो, चहा पिऊन जातो.

वेळही लक्षात घेण्यासारखी आहे. पहाटे खिडक्या बंद, डोळे अर्धे मिटलेले आणि हात आपोआप शेगडीकडे जातो. रमजानमध्ये सहरीला आमच्या घरातल्या बायका महिनाभर हेच करतात. झोपलेल्या माणसाला वासाने जाग येईल याचा भरवसा नसतो. रात्री गळालेल्या गॅसची भेट पहिल्यांदा पेटवणाऱ्याशीच होते.

आता मुंबईकडे येऊ, कारण गॅसशी या शहराची ओळख आपल्याच गल्ल्यांतून झाली. ऑक्टोबर 1865 मध्ये मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे पहिल्यांदा लागले तेव्हा भेंडीबाजार त्या पहिल्या रस्त्यांत होता. दिवा लावणारा एका खांबाकडून दुसऱ्याकडे जाई आणि बघ्यांची गर्दी त्याच्या मागे चाले, असे जुन्या नोंदी सांगतात. हा गॅस दगडी कोळसा बंद भट्टीत तापवून काढत. लालबागला ‘गॅस कंपनी’ हे नाव अजून लोकांच्या तोंडी आहे, ते त्या कारखान्यावरून. पुढे तो काही घरांच्या चुलीपर्यंतही नळाने पोहोचला. त्यात हायड्रोजन, मिथेन आणि कार्बन मोनॉक्साइड असे. शेवटचा हा वायू विषारी, त्यामुळे तो गॅस न पेटताही जीव घेऊ शकत असे.

1955 मध्ये बर्मा-शेलने मुंबईत सिलिंडरचा गॅस विकायला सुरुवात केली. त्याचे नाव बर्शेन. 1965 मध्ये कोलकात्यातून इंडेन सुरू झाला. पुढे परदेशी तेल कंपन्या सरकारने घेतल्या आणि एस्सोचा हिंदुस्तान पेट्रोलियम, बर्मा-शेलचा भारत पेट्रोलियम झाला. कनेक्शनसाठी वर्षानुवर्षे थांबणे, खासदाराच्या शिफारशीसाठी खेटे घालणे, हे चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने घरात ऐकले असेल. तिसरा गॅस समुद्रातून आला. 1974 मध्ये बॉम्बे हायला तेल-वायू सापडला आणि 1995 मध्ये स्थापन झालेल्या महानगर गॅसने नैसर्गिक वायू नळाने घराघरांत द्यायला सुरुवात केली.

म्हणजे एकाच शहरात तीन वेगवेगळे गॅस आले, आणि तिन्हींना आपण एकच शब्द वापरतो. गोंधळाचे मूळ इथे आहे. सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्युटेन असतो, नळातून येतो तो मुख्यतः मिथेन. तेवढ्याच आकारमानाच्या नळाच्या गॅसपेक्षा सिलिंडरच्या गॅसमध्ये अडीच-तीन पट उष्णता असते. म्हणून शेगडीच्या आत ज्या बारीक भोकातून गॅस बाहेर पडतो, त्या पितळी ‘जेट’चे भोक सिलिंडरच्या शेगडीत लहान असते आणि नळाच्या शेगडीत मोठे. 1855 च्या सुमारास जर्मनीत हायडेलबर्गला बुन्सेनने जो बर्नर रुळवला, त्याचेच तत्त्व आजही आहे. जेटमधून वेगाने निघालेला गॅस आजूबाजूची हवा ओढून घेतो, दोन्ही मिसळतात आणि मग निळी ज्योत लागते. भोक चुकले की हवेचे माप चुकले.

ब्रिटनने हे प्रकरण किती गांभीर्याने घेतले पाहा. 1967 ते 1977 या दहा वर्षांत तो देश कोळशाच्या गॅसवरून नैसर्गिक वायूवर गेला. तेव्हा घरोघरी माणसे पाठवून सुमारे 4 कोटी उपकरणे एकेक करून बदलली गेली. जुन्या शेगडीला नवा गॅस तसाच सोडून देण्याचा विचार कुणी केला नाही.

आपल्याकडे मात्र शेगडी मुंब्र्याच्या पाईप गॅसच्या फ्लॅटमधून निघते आणि मालेगावात सिलिंडरला जोडली जाते. जेट मोठ्या भोकाचे असेल तर गॅस गरजेपेक्षा कितीतरी जास्त येतो. ज्योत पिवळी, लांब, भांड्याला काजळी. बायका म्हणतात, “आग जोरात आहे, चांगली शेगडी आहे.” ती चांगली नाही. हवा पुरत नसल्याने तो गॅस अर्धवट जळतो आणि बंद खोलीत कार्बन मोनॉक्साइड सोडतो. म्हणजे लालबागच्या जुन्या गॅसमधले विष आपण घरीच तयार करतो. उलट बाजूने, सिलिंडरची शेगडी नळाला जोडली तर ज्योत मरगळलेली राहते. मग कुणीतरी सुई घेऊन भोक ‘साफ’ करायला बसतो.

ही सुईची सवय आली आहे प्रायमसमधून. स्वीडनमध्ये 1892 मध्ये निघालेल्या त्या घासलेटच्या स्टोव्हने आपल्या दोन-तीन पिढ्यांची चहा-भाकरी केली. त्याच्या तोंडाशी काजळी बसे आणि प्रत्येक घरात पत्र्याच्या पट्टीला तार लावलेली ती पिन असे. (स्टोव्हचा भडका उडून विवाहिता मेल्याच्या बातम्याही त्याच काळातल्या. त्यातले अपघात किती आणि स्टोव्हच्या माथी मारलेले खून किती, हा वेगळा लेख आहे.) पिन स्टोव्हसाठी ठीक होती. गॅसच्या जेटमध्ये तीच सुई फिरवली की मऊ पितळेचे भोक रुंदावते, आणि चांगली शेगडीही चुकीची होते. जेट बदलतात, कोरत नाहीत. बदलायला चार पैसे लागतात, म्हणून कोरतात.

गॅसच्या वासाची गोष्ट मला शिक्षक म्हणून सर्वात जड जाते. अमेरिकेत टेक्सासमधल्या न्यू लंडन गावची शाळा तेलाच्या पैशामुळे श्रीमंत होती. तरी गॅसचे बिल वाचवण्यासाठी शाळेने तेल कंपनीच्या टाकाऊ वायूच्या नळातून जोड घेतला. त्या भागात तसे बरेच जण करत. हा गॅस इमारतीखाली गळत राहिला, आणि त्याला वासच नव्हता. 18 मार्च 1937 च्या दुपारी, शाळा सुटायला थोडा वेळ असताना, कार्यशाळेतल्या शिक्षकाने लाकूड घासण्याचे विजेचे यंत्र सुरू केले. ठिणगी पडली. सुमारे तीनशे मुले आणि शिक्षक त्या एका क्षणात गेले. त्यानंतर काही आठवड्यांतच टेक्सासने गॅसमध्ये वास मिसळण्याचा कायदा केला आणि ती पद्धत जगभर गेली. आपल्या सिलिंडरला येणारा कुजकट दर्प इथाइल मरकॅप्टनचा असतो. तो मुद्दाम मिसळलेला आहे. “थोडा वास तर येतोच” म्हणून त्याकडे दुर्लक्ष करणाऱ्यांनी तो वास कुठून आला हे माहीत करून घ्यावे.

तर जुनी शेगडी घरी आली आहे. ती कोणत्या गॅसवर चालत होती, हे देणाऱ्याला आधी विचारा. उलटी करून आयएसआयचे चिन्ह आणि गॅसचे नाव पाहा. चिन्ह नसेल तर फुकट मिळाली तरी नको. नॉब फिरवून पाहा. खूप सैल फिरत असेल किंवा अडकत असेल तर आतल्या कॉकचे ग्रीस सुकले आहे, आणि तिथून हळू गळती होते. हे काम दुरुस्ती करणाऱ्याचे आहे. शेगडी एजन्सीकडूनच विकत घेतली पाहिजे अशी सक्ती नाही, पण बाहेरची शेगडी एजन्सीच्या मेकॅनिकने तपासून जोडलेली बरी. त्याची फी नटीपेक्षा महाग वाटली तरी द्यावी. नळाचा गॅस असेल तर जेट गॅस कंपनीच्या माणसाकडूनच बदलून घ्यावेत.

शेगडीबरोबर आलेली जुनी नळी मात्र घेऊच नये. नवी, तार विणलेली नारिंगी सुरक्षा नळी घ्यावी, दीड मीटरपेक्षा लांब नको, मध्ये जोड नको. तिच्यावर वर्ष छापलेले असते, पाच वर्षांनी ती बदलायची. सैल बसते म्हणून तार गुंडाळणे, नळी उकळत्या पाण्यात मऊ करून चढवणे, भिंतीच्या भोकातून दुसऱ्या खोलीत नेणे, हे प्रकार बंद करावेत.

आणि एक गोष्ट आपल्या लहान खोल्यांची. बसून स्वयंपाक करायचा म्हणून शेगडी जमिनीवर आणि सिलिंडर शेजारी, असे खूप घरांत दिसते. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळाला तर वर जात नाही, फरशीवर पाण्यासारखा पसरतो आणि ज्योतीपर्यंत येतो. म्हणून सिलिंडर उभा खाली आणि शेगडी त्याच्यापेक्षा उंच ओट्यावर किंवा मजबूत टेबलावर. नळाचा गॅस उलट, हलका. तो छताशी जमतो, म्हणून त्या घरात वरची खिडकी किंवा झरोका पत्र्याने बंद करू नये.

जोडून झाले की काडी लावून तपासायचे नाही. साबणाचे पाणी फेस येईपर्यंत घोळवा, नॉब बंद ठेवून रेग्युलेटर सुरू करा आणि ब्रशने किंवा बोटाने रेग्युलेटरपाशी, नळीच्या दोन्ही टोकांना आणि नॉबच्या मुळाशी लावा. मिनिटभर पाहत राहा. कुठे बुडबुडा फुगला तर रेग्युलेटर बंद, आणि जोड पुन्हा नीट होईपर्यंत शेगडी वापरायची नाही. रात्री वास आला तर दिवा लावू नका, लागलेला विझवूही नका. रेग्युलेटर बंद करून दारे-खिडक्या उघडा, सगळ्यांना बाहेर काढा आणि बाहेर गेल्यावर 1906 लावा. सिलिंडरच्या गळतीसाठी हा नंबर देशभर चालतो. पाईप गॅसवाल्यांनी आपल्या कंपनीचा तातडीचा नंबर बिलावरून उतरवून दाराच्या आतल्या बाजूला चिकटवावा, वाचता येईल अशा मोठ्या अक्षरात, घरात जी लिपी वाचली जाते त्या लिपीत.