साडेअकरा ग्रॅमचा खोटेपणा

पोकर चिप्सचे स्वस्त सेट विकणारे एक गोष्ट हमखास ठळक छापतात: वजन ११.५ ग्रॅम, एकदम 'कॅसिनो वेट'! गंमत म्हणजे लास वेगासच्या टेबलांवर फिरणाऱ्या क्ले चिप्स साधारण साडेआठ ते दहा ग्रॅमच्याच असतात. म्हणजे नक्कल अस्सलपेक्षा जड. प्लास्टिकच्या पोटात धातूची चकती घालून हे वजन आणलेलं असतं, हातात घेतल्यावर 'भारी' वाटावं म्हणून. आणि खरं सांगू? वाटतं हो भारी. माझ्याकडे अ‍ॅल्युमिनियमच्या पेटीतला ५०० चिप्सचा असाच सेट आहे, आणि त्याचा खळखळाट ऐकायला मला अजूनही आवडतो.

तसा हा सगळा मामला पहिल्यापासूनच सोंगाचा. डावात पैशाऐवजी भलतंच काहीतरी मांडायचं आणि त्यालाच पैसा मानायचं. आपल्याकडे चिंचोके, कवड्या, काडेपेटीतल्या काड्या. अठराव्या शतकातले इंग्रज उमराव थेट चीनमधल्या कँटनहून शिंपल्याच्या चकत्या करून आणवत, वर आपल्या घराण्याचं चिन्ह कोरून. (जेन ऑस्टिनच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस'मधली लिडिया जिंकलेल्या-हरलेल्या 'फिश'बद्दल अखंड बडबडते ना, त्या याच जातीतल्या. मासे नव्हेत!)

अमेरिकेच्या पश्चिम भागात एकोणिसाव्या शतकात डाव चालायचे ते सोन्याची पूड, सोन्याचे खडे आणि नाणी यांवर. दर हाताला वजनकाटा काढायचा म्हणजे वैतागच. मग सलूनवाल्यांनी हाडाच्या, लाकडाच्या, हस्तिदंताच्या चकत्या आणल्या. लगेच घरी चकत्या करून आणणारे महाभागही आलेच! १८८०च्या सुमारास कंपन्या पुढे आल्या आणि माती-लाखेच्या मिश्रणातून, साच्यात दाबून, नक्षीदार चिप्स बनवू लागल्या. घरी बसून करता येऊ नये हाच त्यातला मोठा हेतू. कडेला दिसतात ते रंगीत तुकडे वरून रंगवलेले नसतात, वेगळ्या रंगाचं मिश्रण तिथे दाबून बसवलेलं असतं. आपल्या भाषेत सांगायचं तर सिक्युरिटी फीचर. आज आपण ज्या देखणेपणावर भाळतो, तो मुळात चोरांच्या धाकाने आला. पॉल एंडी यांनी १९६३ मध्ये काढलेल्या पॉलसन कंपनीच्या चिप्सवर कडेला इवल्याशा टोप्या आणि काठ्या उमटलेल्या असतात. स्वस्त सेटवर त्या जागी फासे नाहीतर बदाम-इस्पिक.

(जाता जाता: साध्या सेटमध्ये पांढरी चिप स्वस्त, लाल त्यावर आणि निळी सगळ्यात महाग. शेअरबाजारातली 'ब्लू चिप' इथूनच आली, १९२०च्या दशकात. एसआयपीवाल्यांनी नोंद घ्यावी.)

आता संग्राहकांचं. नेवाडात १९३१ साली जुगार कायदेशीर झाला आणि तिथल्या नियमांनुसार कॅसिनो बंद झाला की चिप्स परत घेऊन नष्ट करायच्या. सँड्स १९५२ मध्ये सुरू झालं आणि १९९६ मध्ये सुरुंग लावून पाडलं. अशा कॅसिनोच्या मागे उरतात त्या मुख्यतः गिऱ्हाइकं खिशात घालून घरी घेऊन गेली त्या चिप्स. कॅसिनोत आता शून्य किंमत, पण दुर्मिळ असली तर संग्राहक हजारो डॉलर मोजतात. त्यांचा क्लब १९८८ पासून आहे. २००३ मध्ये ख्रिस मनीमेकर या अकाउंटंटने वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर जिंकून २५ लाख डॉलर नेले आणि घरोघरी पोकरची साथ आली. या सगळ्या नव्या मंडळींना हस्तिदंती चिप थोडीच परवडणार? रेप्लिका जिंदाबाद.

जाणकार संग्राहक रेप्लिकांवर नाक मुरडतात. मला ते अर्धंच पटतं. त्यांची खरी भीती 'आजची चकती जुनी म्हणून खपवली तर?' ही आहे, आणि ती रास्त आहे. पण अस्सल चिपची तरी काय शाश्वती! डिसेंबर २०१० मध्ये हेल्मेट घातलेल्या एका मोटारसायकलवाल्याने बेलाजिओतून १५ लाख डॉलरच्या चिप्स पळवल्या. कॅसिनोने काय केलं? २५,००० डॉलरच्या चिप्स एप्रिल २०११ नंतर बाद, असं जाहीर केलं. चिप्स शंभर टक्के खऱ्या, पण वटवायच्या कुठे? विकायला गेला आणि साध्या वेशातल्या पोलिसांच्या हाती लागला.

उलट बाजूचा किस्सा अटलांटिक सिटीतला. जानेवारी २०१४ मध्ये बोर्गाटाच्या स्पर्धेत एका खेळाडूने नकली चिप्स घुसवल्या. बिंग फुटतंय म्हटल्यावर पठ्ठ्याने हॉटेलच्या संडासात त्या फ्लश केल्या. पाइप तुंबले, प्लंबर आले, चिप्स बाहेर! डाव रद्द, माणूस तुरुंगात.

म्हणून मला ते साडेअकरा ग्रॅम आवडतात. ही चकती कुणाला फसवूच शकत नाही. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा, नाहीतर फ्रिजवरचं मॅग्नेट काढून लावून बघा. आतली चकती लोखंडी असली तर टक्कन चिकटतं. क्ले चिपला नाही चिकटत.