जालन्याचा पाऊस आणि समुद्राचे गणित

जालना जिल्ह्यात पडणारा पाऊस दोन समुद्रांवरून येतो. अरबी समुद्रावरचे वारे सह्याद्री चढताना आपले बहुतेक पाणी कोकणात आणि घाटमाथ्यावर टाकतात. भोकरदन, अंबड, परतूरपर्यंत पोहोचेतो त्यांच्यातली ओल बरीच सरलेली असते. जिल्ह्याला दमदार पाऊस मिळतो तो पुष्कळदा बंगालच्या उपसागरात तयार होऊन पश्चिमेकडे सरकणाऱ्या कमी दाबाच्या क्षेत्रांमुळे. वर्षाची सरासरी साडेसहाशे ते सातशे मिलिमीटरच्या घरात, आणि त्यातला मोठा वाटा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या या जिल्ह्याचा पाऊस आधी ओळखायचा, तर समुद्र वाचता आला पाहिजे. हवामानशास्त्राला हे उमगायला आणि उमगलेले गणितात बसवायला शंभराहून अधिक वर्षे लागली.

त्याआधीचा आधार नक्षत्रांचा होता. मृगाची पेरणी, आर्द्रेचा पाऊस, पंचांगात दिलेली नक्षत्रांची वाहने यांवर शेतीचे वेळापत्रक चाले. शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात भेंडवळला अक्षय्य तृतीयेची घटमांडणी आजही होते आणि तिच्या भाकिताची जालन्यातही चर्चा होते. नक्षत्रांचे कॅलेंडर पाऊस साधारण कधी येतो हे सांगते, कारण ते पिढ्यान्‌पिढ्यांच्या निरीक्षणावर उभे आहे. यंदा तो किती येईल हे मात्र त्यातून कळत नाही.

तो प्रश्न सरकारी पातळीवर आला दुष्काळामुळे. भारतीय हवामान विभाग १८७५ मध्ये स्थापन झाला आणि लगेच १८७६ ते १८७८ चा भीषण दुष्काळ दख्खनवर कोसळला. विभागाचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफोर्ड यांनी हिमालयातल्या बर्फाचा आणि पुढच्या पावसाचा संबंध शोधला. हिवाळ्यात आणि वसंतात बर्फ जास्त पडले की पाऊस कमी, असे त्यांचे अनुमान होते. ४ जून १८८६ रोजी त्यांनी मोसमी पावसाचा पहिला नियमित दीर्घ मुदतीचा अंदाज दिला. तो ब्रह्मदेशासह संपूर्ण हिंदुस्थानासाठी होता. निजामाच्या राज्यातल्या जालन्यासाठी त्यात वेगळे काही असणे शक्यच नव्हते. पुढे १८९९ मध्ये चांगल्या पावसाचा अंदाज असताना देशाने मोठा दुष्काळ सोसला. टीका इतकी झाली की नंतर काही वर्षे अंदाज गोपनीय ठेवले गेले.

१९०४ मध्ये विभागाची सूत्रे गिल्बर्ट वॉकर यांच्याकडे आली. ते गणितज्ञ होते. जगभरच्या केंद्रांतले हवेचा दाब, तापमान आणि पाऊस यांचे आकडे त्यांनी गोळा केले आणि कार्यालयातल्या भारतीय कारकुनांकडून हाताने त्यांची गणिते करून घेतली. मोठ्या आकडेमोडीतून हवामानाचा अंदाज काढण्याचा पेशा आपल्याकडे याच कार्यालयात रुजला. वॉकर यांच्या १९०९ च्या सूत्रात हिमालयातल्या बर्फाबरोबर मॉरिशसचा दाब, दक्षिण अमेरिकेतला दाब आणि झांजिबारचा पाऊस होता. पॅसिफिकवरचा दाब वाढला की हिंदी महासागरावरचा घटतो, हे हेलकावे त्यांनी ओळखले आणि त्यांना सदर्न ऑसिलेशन हे नाव दिले. त्यांना समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान मात्र पुरेसे ठाऊक नव्हते. या हेलकाव्यांची पॅसिफिकचे पाणी तापण्याशी, म्हणजे एल निनोशी, असलेली सांगड जेकब बर्कनेस यांनी दाखवली ती १९६९ मध्ये.

१९२८ मध्ये हवामान विभागाचे मुख्यालय सिमल्याहून पुण्याला आले. शिवाजीनगरच्या त्या इमारतीला पुणेकर अजूनही सिमला ऑफिस म्हणतात. तिथे १९३२ मध्ये एल. ए. रामदास यांच्या नेतृत्वाखाली कृषी हवामानाची शाखा सुरू झाली आणि १९४५ पासून शेतकऱ्यांसाठी हवामानाची वार्तापत्रे निघू लागली. शेतकरी हा अंदाजाचा वाचक आहे, हे प्रथम या शाखेने मानले.

दरम्यान युरोपात लुईस रिचर्डसन यांनी १९२२ च्या आपल्या पुस्तकात वेगळाच मार्ग सुचवला होता. जुन्या वर्षांशी तुलना करण्याऐवजी वाऱ्याची गती, दाब, उष्णता आणि बाष्प यांची भौतिक समीकरणेच सोडवत पुढे जायचे. हाताने ते जमण्यासारखे नव्हते. १९५० मध्ये अमेरिकेत ज्यूल चार्नी, जॉन फॉन नॉयमन आणि सहकाऱ्यांनी एनियाक या संगणकावर चोवीस तासांचा अंदाज काढला. त्यालाही साधारण चोवीस तासच लागले.

भारतात या कामाची पायाभरणी समुद्रापासून झाली. १९६० च्या दशकातल्या आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेत मुंबईला कुलाब्यात आंतरराष्ट्रीय हवामान केंद्र उभे राहिले. जहाजांवरची आणि विमानांतली निरीक्षणे तिथे एकत्र येत. पुण्यात १९६२ मध्ये उष्णकटिबंधीय हवामानाची संस्था निघाली. तीच आजची पाषाणची भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्था, म्हणजे आयआयटीएम. पी. आर. पिशारोटी तिचे पहिले संचालक. मोहिमेनंतर १९६६ मध्ये गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था सुरू झाली.

जालन्याच्या दृष्टीने या इतिहासातला सर्वांत मोलाचा शोध आयआयटीएमच्या परिसरात आकाराला आला. पुण्यात जन्मलेल्या सुलोचना गाडगीळ हार्वर्डहून डॉक्टरेट घेऊन १९७१ मध्ये परतल्या आणि आयआयटीएममध्ये काम करू लागल्या. लगेचच १९७२ चा दुष्काळ आला आणि मराठवाड्याची दैना झाली. पुढे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्यावरही पुण्याच्या डी. आर. सिक्का यांच्याशी त्यांचे काम चालू राहिले. उपग्रहांनी घेतलेली ढगांची चित्रे दिवसामागून दिवस तपासून दोघांनी १९८० मध्ये दाखवले, की मोसमी पाऊस म्हणजे पूर्व-पश्चिम पसरलेला ढगांचा एक पट्टा. तो विषुववृत्ताजवळच्या उबदार हिंदी महासागरावर पुन्हा पुन्हा तयार होतो आणि काही आठवड्यांच्या अंतराने उत्तरेकडे सरकत जमिनीवर येतो. पट्टा जमिनीवर असला की झड लागते. तो विरला की दुसरा येईपर्यंत उघडीप. जालन्यात पेरणी झाल्यावर पाऊस दडी मारतो, कोंब करपतात आणि दुबार पेरणीची वेळ येते, त्या खंडाचे कारण या चित्रात सापडते. हंगामाच्या बेरजेपेक्षा हा खंडच कापूस-सोयाबीनचे नशीब ठरवतो.

अंदाज देणारे सरकारी सूत्र मात्र दीर्घकाळ वॉकर यांच्याच वाटेने चालले. वसंत गोवारीकर आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये सोळा घटकांचे मॉडेल आणले आणि ते घरोघरी माहीत झाले. काही वर्षे त्याने चांगली साथ दिली. २००२ मध्ये सामान्य पावसाचा अंदाज असताना जुलैचा पाऊस निम्म्यावर आला आणि देशात दुष्काळ पडला. जुन्या वर्षांतले संबंध काळाबरोबर सैल होतात, ही संख्याशास्त्रीय मॉडेलची मूळ अडचण त्या वर्षी उघडी पडली.

समीकरणांच्या मार्गाला यंत्र हवे होते. दिल्लीला मध्यम पल्ल्याच्या अंदाजाचे राष्ट्रीय केंद्र निघाले आणि १९८९ मध्ये तिथे क्रे महासंगणक बसला. अशा मॉडेलमध्ये पृथ्वीचे वातावरण चौकोनांच्या जाळीत विभागतात आणि प्रत्येक चौकोनासाठी दर काही मिनिटांची गणिते करतात. जालना जिल्ह्याचे क्षेत्रफळ साधारण ७,७०० चौरस किलोमीटर. नव्वदच्या दशकातल्या मॉडेलचा चौकोन दीडशे किलोमीटरच्या आसपास होता, म्हणजे अख्खा जिल्हा एका चौकोनाच्या तिसऱ्या हिश्श्यात मावे. मंठ्यात ऊन आणि जाफराबादला धार, हा फरक त्या मॉडेलला दिसणेच शक्य नव्हते.

२०१२ मध्ये केंद्र सरकारने मान्सून मिशन सुरू केले. त्याच वर्षी देशात सरासरीच्या साधारण ९२ टक्के पाऊस झाला, पण मराठवाडा कोरडा राहिला. जालना हा सर्वाधिक होरपळलेल्या जिल्ह्यांपैकी एक. २०१३ च्या उन्हाळ्यात शहर टँकरवर आले आणि मोसंबीच्या बागा वाळून सरपण झाल्या. देशाच्या एका टक्केवारीचा या जिल्ह्याला किती थोडा उपयोग आहे, याचा इतका कडू दाखला दुसरा नाही.

मिशनने अमेरिकेतले सीएफएस हे मॉडेल घेतले आणि आयआयटीएमच्या शास्त्रज्ञांनी ते भारतीय मोसमासाठी घडवले. त्यात समुद्र आणि वातावरण एकत्र चालतात: वारा पाणी ढवळतो, पाण्याचे तापमान बदलते आणि ते पुन्हा वाऱ्याला वळवते. समुद्राची सुरुवातीची स्थिती ठरवण्यासाठी आर्गो तरंगकांची मदत होते. हे तरंगक दोन हजार मीटर खोल जाऊन दर दहा दिवसांनी वर येतात आणि तापमान व क्षारता उपग्रहाला कळवतात. हिंदी महासागरातले हे काम हैदराबादची इन्कॉइस ही संस्था पाहते.

या क्षेत्रातल्या शास्त्रज्ञाचा दिवस आज मुख्यतः संगणकासमोर जातो. निरीक्षणे मॉडेलमध्ये मिसळणे, ढगांच्या सूत्रातली चूक हुडकणे, जुन्या हंगामांवर मॉडेल चालवून प्रत्यक्ष पावसाशी ताडून पाहणे, हे त्याचे काम. सुरुवातीच्या स्थितीत किंचित फरक करून मॉडेल अनेकदा चालवले जाते आणि उत्तरांच्या समूहावरून शक्यता सांगितली जाते. याच पद्धतीने दोन ते चार आठवड्यांचा विस्तारित अंदाज दर आठवड्याला निघतो. जालन्यासाठी या सगळ्या खटाटोपाचे खरे फळ हेच म्हटले पाहिजे, कारण पावसाचा खंड आधी दिसण्याची शक्यता त्यातच आहे. भौतिकशास्त्र किंवा गणिताची पदवी, पुणे विद्यापीठासारख्या ठिकाणी वातावरणविज्ञानाचे शिक्षण, मग आयआयटीएमसारख्या संस्थेत संशोधन, अशी या पेशाची वाट आहे. मराठवाड्यातल्या महाविद्यालयांतूनही ती सुरू होऊ शकते.

हंगामी मॉडेलचा चौकोन ३८ किलोमीटरवर आला, तेव्हा जालन्यात पाचेक चौकोन पडू लागले. रोजच्या अंदाजाच्या १२ किलोमीटरच्या मॉडेलमध्ये ते पन्नासवर गेले. २६ मे २०२५ रोजी सुरू झालेल्या भारत फोरकास्ट सिस्टीमचा चौकोन सहा किलोमीटरचा, म्हणजे जिल्ह्यात दोनशेच्या वर. ती पुण्याच्या ‘अर्क’ महासंगणकावर चालते.

चौकोन लहान झाला म्हणून अंदाज आपोआप खरा ठरत नाही. जुलै २०१७ मध्ये शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी अंदाज चुकल्याबद्दल हवामान विभागाविरुद्ध पोलिसांत तक्रार दिली. त्या रागामागे पेरणीत गेलेले बियाणे आणि खत होते आणि तो समजून घेण्यासारखा आहे. वादळी ढग काही किलोमीटरचा असतो आणि तासाभरात विरतो. त्याची नेमकी जागा दोन दिवस आधी सांगणे आजही अवघड आहे. मॉडेलची परीक्षा शेवटी जमिनीवर मोजलेल्या पावसावरच होते, म्हणून महावेध प्रकल्पात महसूल मंडळनिहाय बसवलेली स्वयंचलित हवामान केंद्रे महत्त्वाची आहेत. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातून मंगळवारी आणि शुक्रवारी निघणाऱ्या कृषी हवामान सल्ल्यात जालन्याचाही समावेश असतो. पुढच्या काही दिवसांचा पाऊस, वारा आणि तापमान पाहून फवारणी थांबवावी की उरकावी, पेरणीची घाई करावी की नाही, हे त्यात पिकानुसार सांगितलेले असते.