से कॅथेड्रल : नसलेल्या मनोऱ्याविषयी

आज आपल्याला ओल्ड गोव्याला जायचं आहे, बसल्या जागेवरूनच. तुमच्यापैकी बरेच जण तिथं कधी ना कधी गेलेले असणार, तेव्हा चित्र डोळ्यांसमोर लगेच उभं राहील. पणजीहून मांडवीच्या काठाकाठानं आलं की रस्त्याच्या एका बाजूला लालसर तपकिरी बाँ जेझू लागतं, आणि समोर हिरवळीपलीकडे पांढरंशुभ्र से कॅथेड्रल. बाँ जेझूमध्ये सेंट फ्रान्सिस झेवियरचं शव आहे म्हणून गर्दी सगळी तिकडं. से मध्ये लोक शिरतात, दहा मिनिटांत फोटो काढून बाहेर पडतात. आम्हीही पहिल्यांदा गेलो तेव्हा तेच केलं होतं. फरक एवढाच की आमच्याकडे कॅमेरा नव्हता.

पुढं एकदा विद्यार्थ्यांना घेऊन गेलो. तेव्हा एका मुलीनं विचारलं, "सर, हिचा उजवीकडचा मनोरा कुठं गेला?" आम्ही सांगितलं, १७७६ साली वीज पडून कोसळला. तिचा दुसरा प्रश्न तयारच होता : "मग परत का नाही बांधला?" आम्ही म्हणालो, पैसे नसतील. उत्तर चूक नव्हतं, पण अपुरं होतं, आणि ते अपुरं आहे हे तिच्या चेहऱ्यावरून आम्हाला तिथंच कळलं. आजचं व्याख्यान म्हणजे त्या मुलीला उशिरा दिलेलं उत्तर समजा.

आधी नावाकडे बघू. ग्रीक भाषेत 'काथेद्रा' म्हणजे आसन. ज्या चर्चमध्ये बिशपचं आसन असतं ते कॅथेड्रल. पोर्तुगीज 'से' हा शब्दही आसन या अर्थाच्या लॅटिन शब्दावरूनच आला. आपल्याकडे 'पीठ' म्हणतात ना, शंकराचार्यांचं पीठ, तसंच हे. म्हणजे इमारतीचा मोठेपणा दुय्यम, तिथं कोण बसतं हे मुख्य. गोव्याला बिशपचं पीठ १५३० च्या दशकात मिळालं आणि १५५८ मध्ये ते आर्चबिशपचं पीठ झालं. त्याचा मूळ अधिकार आफ्रिकेच्या केप ऑफ गुड होपपासून थेट चीनपर्यंत. नकाशा काढून बघा म्हणजे या आकड्यांचा अर्थ लागेल : लांबी सुमारे ७६ मीटर, रुंदी सुमारे ५५ मीटर, दर्शनी भिंतीची उंची ३५ मीटरच्या वर. ही इमारत गोव्याच्या वस्तीच्या मापानं काढलेलीच नव्हती. अर्ध्या जगावर हक्क सांगणाऱ्या पीठाच्या मापानं ती काढली होती.

हे कॅथेड्रल कुणाच्या नावाचं? अलेक्झांड्रियाच्या सेंट कॅथरीनच्या. का, तर आफोन्सो द आल्बुकेर्कनं आदिलशाहीकडून गोवा दुसऱ्यांदा आणि कायमचं जिंकून घेतलं तो दिवस होता २५ नोव्हेंबर १५१०, कॅथरीनच्या सणाचा दिवस. या मोहिमेत होनावरचा तिमय्या त्याच्या बाजूनं होता, हेही लक्षात ठेवा. इतिहासात बाजू इतक्या सरळ नसतात. शहर पडल्यावर तिथल्या मुसलमानांची कत्तल झाली आणि आल्बुकेर्कनं ती राजाला पत्रातून कळवली, लाजत नव्हे, अभिमानानं. मग कॅथरीनच्या नावानं एक लहानसं प्रार्थनाघर उभं राहिलं. आजच्या कॅथेड्रलच्या नावाचं मूळ तिथं आहे.

आता आमच्या विषयातली एक गोष्ट मध्येच सांगतो, राहवत नाही म्हणून. ही कॅथरीन कोण? आख्यायिका अशी की रोमन सम्राटानं तिच्याशी वाद घालायला पन्नास तत्त्वज्ञ बोलावले आणि या तरुण मुलीनं सगळ्यांना युक्तिवादात हरवलं. मग तिला चाकावर चढवायचा हुकूम झाला, चाक मोडलं, शेवटी तलवारीनं शिरच्छेद केला. ती खरोखर होऊन गेली की नाही याबद्दल इतिहासकारांना इतकी शंका की १९६९ मध्ये रोमनं तिचा सण सार्वत्रिक पंचांगातून वगळला होता. २००२ मध्ये तो परत घेतला. पण मध्ययुगापासून ती तत्त्वज्ञांची आणि विद्यार्थ्यांची संरक्षक संत मानली जाते. म्हणजे आमची ग्रामदेवताच म्हणा ना! वादात जिंकणारी, आणि तलवारीनं मारली गेलेली. तिचं नाव दिलं गेलं तलवारीच्या विजयाला. से मध्ये मुख्य वेदीमागं सोन्याचा मुलामा दिलेलं भलंमोठं लाकडी कोरीवकाम आहे, त्यात तिच्या आयुष्यातले आणि मरणातले प्रसंग कोरलेत. तिथं उभं राहून ही विसंगती जाणवली नाही तर आपण नुसतं सोनं बघून आलो असं समजावं.

आजच्या इमारतीचं काम १५६२ मध्ये सुरू झालं. राजा होता सेबास्तियांव, वय वर्षं आठ. राज्य चालवत होती त्याची आजी, आणि तिचंही नाव कॅथरीनच. पैसा राजाच्या खजिन्यातून, सरकारी मालमत्ता विकून आला. त्या वेळी गोवा श्रीमंत होतं : विजयनगरला जाणारे घोडे, मिरी, चीनचं रेशीम. पण तीन वर्षांत, १५६५ मध्ये, विजयनगरच पडलं आणि घोड्यांचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक गेलं. १५७० मध्ये आदिलशहानं गोव्याला वेढा घातला. १५७८ मध्ये तो सेबास्तियांव मोरोक्कोतल्या लढाईत मेला, वारस नव्हता, आणि १५८० पासून पोर्तुगालच स्पेनच्या राजाखाली गेलं. नंतर डच आले, मांडवीच्या मुखाशी नाकेबंदी करून बसू लागले. आणि या सगळ्यात चिऱ्यावर चिरा चढतच होता. बांधकाम १६१९ मध्ये संपलं, अभिषेक झाला १६४० मध्ये, आतल्या वेद्या पुऱ्या व्हायला १६५२ उजाडलं. धरा हिशेब : नव्वद वर्षं. ज्यानं पाया घातला त्याच्या नातवानंही पूर्ण काम पाहिलं नसेल.

म्हणून आमचं म्हणणं असं आहे की हे कॅथेड्रल वैभवाचं स्मारक म्हणून दाखवतात ते अर्धंच खरं. वैभवाच्या दिवशी ठरवलेलं आणि उतरतीच्या काळात नेटानं पुरं केलेलं ते काम आहे.

इमारत बघताना आधी दगड बघा. हा आपला कोकणचा जांभा. खाणीतून काढताना मऊ, हवेत कडक होतो, पण सच्छिद्र. गोव्याचा पाऊस त्यात मुरतो. म्हणून त्यावर चुन्याचा गिलावा हवाच, आणि तो वरचेवर नवा करायला हवा. समोरच्या बाँ जेझूचा गिलावा १९५० च्या दशकात उतरवला, दगड उघडा दिसावा म्हणून, आणि तेव्हापासून तो दगड पावसाशी एकटा झुंजतोय. आम्हाला तो प्रयोग कधी पटला नाही. से पांढरं आहे कारण चुना हा तिचा शृंगार नाही, कातडी आहे.

बाहेरून तस्कन पद्धतीचा साधेपणा, आत कॉरिंथियन धाटणीचे खांब. पोर्तुगालमध्ये त्याच सुमारास लेइरिया, पोर्तालेग्रे, मिरांदा इथं कॅथेड्रलं उभी राहत होती, त्यांच्याच कुळातलं हे. आराखडा बाहेरून आयताकृती, आतून क्रुसाचा. मधलं लांब दालन, दोन्ही अंगांना बाजूची दालनं, आणि प्रत्येक बाजूला चार-चार लहान प्रार्थनागृहं. आत शिरताच उजव्या हाताला बाप्तिस्म्याचं दगडी पात्र आहे, १५३२ सालचं. म्हणजे ते इमारतीपेक्षाच काय, गोव्याच्या बिशपपीठापेक्षाही जुनं! ते जुन्या चर्चमधून आणलं. आम्हाला विचाराल तर सोन्याच्या वेदीआधी तिथं पाच मिनिटं थांबावं. धर्मांतर हा शब्द आपण पुस्तकात वाचतो. तो घडला ती जागा इतकी लहान आणि इतकी घरगुती दिसते.

आणि तो नेहमी स्वेच्छेनं घडला नाही. १५४० मध्ये तिसवाडी बेटावरची देवळं पाडली गेली, त्यांच्या जमिनींचं उत्पन्न ख्रिस्ती संस्थांकडे वळवलं गेलं. से च्या प्रत्येक चिऱ्यामागं देवळाचा पैसा होता असं आम्ही म्हणणार नाही, तसा पुरावा आमच्याकडे नाही. पण ज्या राज्यव्यवस्थेनं एक केलं तिनंच दुसरंही केलं. १५६० मध्ये इन्क्विझिशन आलं आणि त्याचं कार्यालय याच कॅथेड्रलसमोरच्या चौकात, आदिलशहाच्या जुन्या वाड्यात बसलं. देलों नावाचा फ्रेंच डॉक्टर तिथं कैदेत होता. १६७६ च्या जानेवारीत शिक्षेच्या मिरवणुकीत त्याला चालवलं गेलं, आणि त्यानं लिहून ठेवलं आहे की पहाटे कॅथेड्रलची मोठी घंटा वाजली तीच त्या दिवसाची खूण होती. मराठीतले संशोधक अ. का. प्रियोळकर यांच्या इन्क्विझिशनवरच्या पुस्तकामुळं हा वृत्तांत आपल्याकडं पुन्हा वाचला गेला. आज उरलेल्या, म्हणजे दक्षिणेकडच्या मनोऱ्यात 'सोन्याची घंटा' आहे. नाव सोन्याचं, ते तिच्या गोड नादामुळं. तो नाद ऐकून पर्यटक खूश होतात. व्हावं. पण देलोंची पहाटही तिथंच ठेवावी.

याच काळात, साष्टीत, थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्लंडमध्ये जन्मलेला जेझुइट मराठी ओवीत ख्रिस्तपुराण लिहीत होता. ते १६१६ मध्ये राशोलला छापलं गेलं. १६१९ मध्ये, से चं बांधकाम संपलं त्याच वर्षी, स्टीफन्स वारला. जांभ्याला युरोपचा घाट देणं आणि ख्रिस्ताला ओवीत आणणं, दोन्ही एकाच छत्राखाली चाललं होतं. कुठलं अधिक टिकलं, हा प्रश्न आम्ही तुमच्यावर सोडतो.

आता मनोऱ्याकडे. १६८३ मध्ये, बरोबर कॅथरीनच्या सणाच्या आदल्या रात्री, संभाजीराजांच्या मराठ्यांनी जुवें बेटाचा किल्ला घेतला, राजधानीच्या अगदी तोंडाशी. व्हाइसरॉय हादरला आणि आपला अधिकारदंड घेऊन गेला, पण कॅथरीनकडे नाही, समोर झेवियरच्या शवाकडे. शहराचा भरवसा कुठं सरकला होता ते यातून कळतं. त्याआधीपासूनच साथींनी शहर पोखरलं होतं. १६९५ मध्ये व्हाइसरॉय पणेलीला राहायला गेले, १७५९ मध्ये पणजीला. पोंबालनं १७७० च्या दशकात जुनं शहर पुन्हा वसवायचा हुकूम काढला. माणसं नव्हती, आरोग्य नव्हतं, हुकूम कागदावर राहिला. नेमक्या त्या दिवसांत, १७७६ मध्ये, उत्तरेकडचा मनोरा पडला. दोन मनोरे ही राजधानीची गरज होती. राजधानी उठून गेल्यावर, एक घंटा वाजवायला एक मनोरा पुरे होता.

पैसे नव्हते हे खरंच, पण त्याहून खरं हे की तो कुणाला दिसावा म्हणून बांधायचा, ती माणसंच उरली नव्हती.

बाकी वाचलं कसं, याचंही कारण आहे. १८३५ मध्ये धर्मसंघांना गोव्यातून काढून टाकलं आणि त्यांचे मठ ओस पडले. जवळच्याच टेकडीवर सेंट ऑगस्टीनचं चर्च होतं. १८४२ मध्ये त्याचं छत कोसळलं, आज ४६ मीटरचा एक तुटका मनोरा उभा आहे. से कोणत्या संघाचं नव्हतं, पीठाचं होतं. आसन होतं म्हणून झाडलोट होती, चुना होता, रोजची प्रार्थना होती. ती आजही आहे. १९८६ पासून ते जागतिक वारसा यादीत आहे, पण आम्हाला तिथली सकाळची मोजकी माणसं जास्त महत्त्वाची वाटतात.

आणि गेलात तर कॅथेड्रलच्या पाठीमागं, सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीच्या मठात पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय आहे, तिथं जरूर जा. १९६४ मध्ये सुरू झालं. कदंबांच्या काळातली शिल्पं, वीरगळ, आणि त्याच इमारतीत व्हाइसरॉयांची तैलचित्रं, एका छपराखाली. आम्ही त्या मुलीला तिथं नेलं नव्हतं, वेळ संपला होता, बस उभी होती.