शब्द एक, पायऱ्या अनेक

मी कविता लिहिणारा माणूस. शब्दात ताकद असते, या भरवशावरच माझं सगळं चालतं. पण एखाद्या शब्दावर त्याला न पेलणारं ओझं टाकलं की माणसांचं काय होतं, हे पाहायचं असेल तर ‘तलाक’ या शब्दाचा इतिहास पाहावा.

तीनदा एक शब्द उच्चारला की मुसलमानाचा संसार मोडतो, असा समज होता. इतरांचा होता, तसा आमच्या मोहल्ल्यांतही होता. कुरआनात मात्र पायऱ्या आहेत. नवरा-बायकोत बेबनाव झाला तर दोन्ही घरांतून एकेक मध्यस्थ नेमा, असं सूरह निसात सांगितलं आहे. तलाक द्यायचाच तर इद्दतीची मोजणी ठेवा आणि दोन न्यायी साक्षीदार घ्या, असं सूरह तलाकमध्ये आहे. इद्दत साधारणपणे तीन मासिक पाळ्यांची. बाई गरोदर असेल तर बाळंत होईपर्यंतची. पहिल्या दोन तलाकांत या मुदतीत नवऱ्याला माघार घेता येते. म्हणजे राग उतरायला अवधी आहे. एका दमात दिलेल्या तीन तलाकांना जुन्या ग्रंथकारांनीच ‘तलाक-ए-बिदत’ म्हटलं. बिदत म्हणजे मागाहून घुसलेली गोष्ट. ते पाप आहे, पण लागू होतं, असं बहुतेकांनी मानलं. घोटाळा तिथे झाला.

आता बाईची बाजू पाहा. नवरा परागंदा झाला, पोटाला देईना, तरी हनफी परंपरेत बाईला सुटकेची वाट जवळपास नव्हती. काही बायकांनी सुटकेसाठी धर्मच सोडला, कारण तेव्हाच्या न्यायालयांच्या लेखी त्यानं निकाह तुटत असे. हे पाहून मौलाना अशरफ अली थानवी यांनी १९३१ साली मालिकी पंथाचा आधार घेण्याची मुभा देणारा ग्रंथ लिहिला. त्यातूनच पुढे १९३९चा मुस्लिम विवाहविच्छेद कायदा झाला. नवरा चार वर्षं बेपत्ता असेल, दोन वर्षं पोटगी देत नसेल, क्रूरपणे वागत असेल, तर बाईला न्यायालयातून फारकत मागता आली. धर्मांतरानं लग्न आपोआप तुटणंही थांबलं. उलेमा आणि कायदेमंडळ एकाच दिशेनं चालले, असा हा प्रसंग. तो आपण फारसा आठवत नाही.

महाराष्ट्राचा वाटाही मोठा. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाईंनी मुंबईत मुस्लिम महिलांचा मोर्चा काढला. मोर्चात बायका होत्या फक्त सात. त्यांची मागणी तोंडी तलाक बंद करा, ही होती. २००२ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठातल्या पूर्णपीठानं सांगितलं, की ‘मी तलाक दिला’ असं नवऱ्यानं कैफियतीत लिहून भागणार नाही. तलाकचं कारण, समेटाचे प्रयत्न आणि प्रत्यक्ष तलाक पुराव्यानं शाबीत करावा लागेल. पुढे शायरा बानो खटल्यात २२ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयानं तीन विरुद्ध दोन मतांनी तीन तलाकची प्रथा रद्द केली. २०१९च्या कायद्यानं तो गुन्हा ठरवला; त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. नवरा तुरुंगात गेला तर घर कोणी चालवायचं, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि तो रास्त होता.

पैशाचंही तसंच. शाहबानोचा निकाल १९८५चा, त्यानंतरचा कायदा १९८६चा. त्या कायद्यानं पोटगी इद्दतीपुरतीच उरली, असं अनेकांना वाटलं. २००१ साली सर्वोच्च न्यायालयानं अर्थ लावला, की तरतूद इद्दतीच्या आत करायची, पण ती बाईच्या पुढच्या आयुष्याला पुरेल अशी हवी.

हा सगळा इतिहास एकच गोष्ट सांगतो. संसार मोडू शकतो; ते नाकारण्यात अर्थ नाही. पण तो मोडताना दोघांना वेळ मिळावा, मध्यस्थ बसावेत, साक्षीदार असावेत, हातात कागद असावा आणि मेहरची रक्कम चुकती व्हावी. निकाहाला आपण वकील आणि साक्षीदार बसवतो, मेहर लिहून घेतो, कबुली दोघांकडून घेतो. फारकतीलाही निदान तेवढा सोपस्कार हवाच.